सूचक कोण, अनुमोदक कोण?

स्वयंपाक आवरला असेल, कुणी शेतावर निघाली असेल, कुणी शिलाई मशीनवर बसली असेल. हात चालू द्या, कान मात्र थोडा वेळ इकडे द्या.

मागच्या दोन भाषणांत आम्ही अंतर्गत कर्ज आणि परतफेडीविषयी बोललो. आजचा विषय वेगळा आहे. पटकीवर संशोधन करणाऱ्या एका शास्त्रज्ञाची गोष्ट सांगायची आहे, आणि त्याच्या कामाची नोंद जगाने कशी ठेवली, किती उशिरा ठेवली, तेही सांगायचं आहे. बचत गटाच्या कार्यक्रमात हे कशाला, असं वाटेल. शेवटपर्यंत ऐका, म्हणजे कळेल. शेवटी आमची स्वतःची एक चूकही सांगायची आहे.

सुरुवात झाली ती आमच्या गटाच्या बैठकीत. गटातल्या एका ताईंची मुलगी सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. करते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली होती, आईबरोबर बैठकीला येऊन बसली. आम्ही इतिवृत्त लिहीत होतो. ठराव, सूचक, अनुमोदक. ती पाहत राहिली आणि म्हणाली, "काकू, आमच्याकडेही असंच असतं. फक्त आम्ही त्याला सायटेशन म्हणतो."

मग काय, आम्ही वही बाजूला ठेवली. म्हटलं, सांग बाई.

तिने सांगितलं ते असं. शास्त्रज्ञाने प्रयोग केला, काही नवं कळलं, की तो ते लिहून शास्त्राच्या मासिकाकडे पाठवतो. त्याच विषयातले दुसरे जाणकार ते तपासतात, पटलं तर छापतात. त्याला म्हणतात पेपर, म्हणजे शोधनिबंध. पुढे दुसरा कुणी त्याच विषयावर काम करतो, तेव्हा त्याने लिहायचं असतं की अमुक गोष्ट मला अमक्याच्या निबंधातून कळली. हा जो उल्लेख, तेच सायटेशन. एखाद्याच्या निबंधाचा किती जणांनी उल्लेख केला ते मोजतात. ज्याचे उल्लेख जास्त, त्याचं काम जास्त जणांच्या उपयोगी पडलं असं समजतात.

आमच्यातली एक जण म्हणाली, "म्हणजे ठराव त्याने मांडला आणि बाकीच्यांनी अनुमोदन दिलं, असंच ना?" मुलगी म्हणाली, "अगदी तसंच."

आणखी एक माप तिने सांगितलं, एच-इंडेक्स. होर्हे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली ते सुचवलं. समजा एखाद्याचे २० निबंध असे आहेत की त्यातल्या प्रत्येकाचा निदान २० वेळा उल्लेख झाला, तर त्याचा एच-इंडेक्स २०. नुसते शंभर निबंध लिहिले आणि कुणी विचारलं नाही, तर आकडा वाढत नाही. एकच निबंध गाजला आणि बाकी काही नाही, तरी वाढत नाही. आपल्या गटाची प्रतवारी करताना नुसत्या बैठका किती झाल्या हे बघत नाहीत, बचत किती, कर्ज फिरलं किती, परतफेड किती, हिशोब चोख आहे का, हेही बघतात. तसाच हा प्रयत्न.

पण मग आमच्या मनात आलं, बैठकीत बोलली एक आणि इतिवृत्तात नाव पडलं दुसरीचं, असंही होतं ना? शास्त्रात होतं का? तेव्हा त्या मुलीने शंभुनाथ डे यांचं नाव सांगितलं. आम्ही कुणी ते ऐकलेलं नव्हतं.

मैत्रिणींनो, पटकी म्हणजे कॉलरा. आपल्या आजी-पणजींना हा शब्द उच्चारायचीही भीती वाटे. पटकीची साथ आली की गावं मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडत. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी गेलेला असे. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात, उलट्या होतात, मोठ्या माणसाच्या अंगातून दिवसाला दहा-पंधरा लिटर पाणीसुद्धा जाऊ शकतं. डोळे खोल जातात, कातडी सुरकुतते, आवाज बसतो. माणूस अक्षरशः सुकून मरतो.

रॉबर्ट कॉख हे मोठे जर्मन शास्त्रज्ञ. इजिप्तमध्ये साथ होती तिथे ते आधी गेले, मग कलकत्त्याला आले आणि १८८४ साली त्यांनी सांगितलं की स्वल्पविरामासारख्या वाकड्या जंतूमुळे पटकी होते. हा जंतू काहीतरी विष तयार करत असावा, असाही त्यांचा अंदाज होता. पण ते विष काही कुणाच्या हाती लागेना. नंतरच्या बहुतेक शास्त्रज्ञांनी मानलं की विष जंतूच्या अंगातच असतं, जंतू मेला की ते सुटतं आणि रक्तात मिसळून सगळं शरीर बिघडवतं. म्हणून ते जनावरांच्या रक्तात, पोटाच्या पोकळीत टोचून बघत. जनावर मरे, पण त्याला पटकीसारखे जुलाब काही होत नसत. सत्तर-पंचाहत्तर वर्षं अशीच गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

शंभुनाथ डे यांचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ चा, बंगालच्या हुगळी जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. घरची परिस्थिती बेताची. हुशारीच्या जोरावर आणि शिष्यवृत्तीवर शिकून ते कलकत्ता मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. पुढे लंडनला गेले, तिथे १९४९ साली त्यांना पीएच. डी. मिळाली. तिथलं त्यांचं काम वेगळ्याच विषयावरचं होतं. पण आपल्या बंगालमध्ये पटकीने माणसं मरतात, तर आपण त्यावरच काम करायचं, असं ठरवून ते परत आले आणि त्याच कामाला लागले.

त्यांनी काय केलं ते नीट ऐका, कारण ते आपल्याला समजण्यासारखं आहे. त्यांनी विचार केला, पटकीत जुलाब होतात ना? मग रोग रक्तात कशाला शोधायचा, आतड्यात शोधू. त्यांनी सशाला भूल दिली, त्याच्या लहान आतड्याचा एक छोटा भाग दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला आणि त्या बंद पिशवीत पटकीचे जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ती पिशवी पाण्याने टम्म फुगलेली. पाणीही तसंच, पटकीच्या जुलाबासारखं. शेजारच्या बांधलेल्या भागात जंतू सोडले नव्हते, तो तसाच रिकामा. हा प्रयोग त्यांनी १९५३ साली छापला. एक सुई, एक दोरा आणि योग्य जागी बघायची बुद्धी.

१९५६ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच पद्धत दुसऱ्या एका जंतूवर वापरली. ई. कोलाय त्याचं नाव. जुलाब झालेल्या रुग्णांकडून घेतलेले काही ई. कोलाय जंतूही सशाच्या आतड्यात पाणी भरतात, हे त्यांनी दाखवलं. आज लहान मुलांच्या जुलाबाचं हे एक मोठं कारण आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

मग आलं १९५९ साल. आता त्यांना बघायचं होतं की पाणी कोण काढतं, जंतू की जंतूने सोडलेलं काही? त्यांनी जंतू वाढवले त्या पाण्यातून सगळे जंतू गाळून काढले. उरलं ते नितळ पाणी, त्यात एकही जंतू नाही. ते सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडलं. आतडं पुन्हा फुगलं! म्हणजे विष जंतूच्या पोटात अडकलेलं नव्हतंच. जिवंत जंतू ते बाहेर सोडतो आणि ते आतड्याच्या अस्तरावर काम करतं. कॉखचा अंदाज ७५ वर्षांनी खरा ठरला. ३० मे १९५९ च्या 'नेचर' या विलायती साप्ताहिकात हा निबंध आला. जेमतेम दोन पानांचा.

आणि आता आपल्या घरची गोष्ट. त्याच १९५९ साली मुंबईला, परळच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी हे तिघे जण सशाच्या अगदी लहान पिल्लांवर पटकीचंच काम करत होते. जंतूंपासून काढलेल्या विषाने पिल्लांना पटकीसारखे जुलाब होतात, असं त्यांनीही दाखवलं. त्यांचा निबंध अमेरिकेतल्या मासिकात छापून आला. कलकत्ता आणि मुंबई, एकाच वर्षी, एकाच प्रश्नावर. पानसे आणि कुलकर्णी ही आडनावं आपल्या गल्लीतली वाटतात की नाही? पण शाळेच्या पुस्तकात आम्ही ती कधी वाचली नाहीत.

या शोधाने काय झालं? दहा वर्षांनी, १९६९ साली, अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ते विष शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. मग कळलं की ते आतड्याच्या पेशींना चिकटतं, आणि पेशी मीठ-पाणी आत घ्यायचं सोडून बाहेर टाकत सुटतात, नळाची चावी मोडल्यासारख्या. आतड्याचं अस्तर मात्र फाटलेलं किंवा गळून पडलेलं नसतं. आणि त्याच सुमारास दुसऱ्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की पटकीतही आतडं साखर ओढून घेतं, आणि साखरेबरोबर मीठ आणि पाणीही आत जातं. तीच आपली जलसंजीवनी, ओआरएस. ती डे यांनी शोधली असं आम्ही म्हणत नाही, ते काम ढाका आणि कलकत्त्याच्या इतर शास्त्रज्ञांचं आहे. पण पटकीचं दुखणं रक्तात नाही, आतड्यात आहे, ही वाट ज्यांनी पक्की केली त्यांत डे यांचं नाव पहिल्या ओळीत येतं.

जलसंजीवनीची ताकद जगाने पाहिली ती १९७१ साली. बांगलादेशच्या लढाईत लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा मिसळून पिंपं भरून पाणी तयार करवलं आणि रुग्णांच्या आया-बहिणींना सांगितलं, पाजत राहा. जिथे शंभरातले तीस जण मरत होते, तिथे हे प्रमाण चारच्याही खाली आलं. २०२३ साली सरकारने त्यांना पद्मविभूषण दिलं. पण ते आदल्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये वारले होते.

आता डे यांच्या नोंदीकडे येऊ. १९५९ चा तो निबंध छापला गेला, पण लगेच कुणी डोक्यावर घेतला नाही. दूर कलकत्त्यात बसलेला माणूस, मोठी प्रयोगशाळा नाही, परदेशी मंडळींच्या उठण्या-बसण्यातला नाही. डे स्वतःही फारसे मिरवणारे नव्हते. इकडे आपल्या देशात तर आणखीच शांतता. विज्ञानाच्या मोठ्या संस्थांनी त्यांना सदस्य करून घेतलं नाही, एकही मोठा पुरस्कार दिला नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते असं. १९७३ साली ते नोकरीतून निवृत्त झाले.

पण साठच्या आणि सत्तरच्या दशकांत जगभर पटकीच्या विषावर काम वाढत गेलं, आणि जो तो मागे वळून बघे तेव्हा कलकत्त्याच्या या माणसापाशी येऊन पोचे. १९७८ साली स्वीडनमध्ये नोबेल संस्थेने पटकीवर खास परिषद भरवली आणि डे यांना बोलावलं. तिथे ते अशा अर्थाचं बोलले की, मी साठच्या दशकापासून मेल्यातच जमा होतो, तुम्ही मला उकरून बाहेर काढलंत, आणि तुमच्यात बसून पुन्हा जिवंत झाल्यासारखं वाटतंय. नोबेल मिळालेले अमेरिकी शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी एकापेक्षा जास्त वेळा त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं. म्हणजे सूचक होता, तोही मोठा. ठराव मात्र मंजूर झाला नाही.

१५ एप्रिल १९८५ रोजी डे वारले. आणि पुढच्या वर्षी, १९८६ साली, एक लेख आला. लिहिणारे होते यूजीन गारफील्ड. हे कोण? तर ज्यांनी ही उल्लेख मोजण्याची पद्धतच जगात रुजवली ते. अमेरिकेत फिलाडेल्फियाला त्यांची संस्था होती. कोणत्या निबंधाचा उल्लेख कुणी केला, याचं जाडजूड सूचीपुस्तक त्यांनी १९६४ पासून काढायला सुरुवात केली. आपण लेखापाल म्हणतो ना, तसा हा सगळ्या शास्त्राचा लेखापाल. त्यांनी पटकीच्या संशोधनाचा नकाशाच मांडला, कोण कुणाचा उल्लेख करतं त्याच्या रेघा जोडून, आणि त्या नकाशात कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांचं स्थान दाखवून दिलं. १९९० साली बंगळुरूच्या 'करंट सायन्स' या नियतकालिकाने डे यांच्यावर खास अंक काढला. आमच्या अकादम्यांनी या माणसाला ओळखलं नाही ही मोठी चूक झाली, असं त्यात उघड लिहिलं गेलं. पण ते वाचायला डे नव्हते.

मैत्रिणींनो, यातून आम्हाला दोन गोष्टी समजल्या.

पहिली, नोंद असेल तर न्याय उशिरा का होईना, होऊ शकतो. डे यांनी वेळच्या वेळी लिहून ठेवलं, छापलं. म्हणून सत्तावीस वर्षांनी कुणीतरी वही उघडून म्हणू शकलं, की हे बघा, ठराव यांचा होता. तोंडी राहिलं असतं तर वाऱ्यावर गेलं असतं.

दुसरी, नुसता आकडा म्हणजे न्याय नव्हे. त्या मुलीने आम्हाला स्पष्ट सांगितलं, काकू, यातही लबाड्या चालतात. काही जण स्वतःच्याच जुन्या निबंधांचे उल्लेख करत राहतात. आपणच सूचक, आपणच अनुमोदक! काही मित्र-मित्र एकमेकांचे उल्लेख वाढवतात. आकड्यावर नोकरी आणि बढती ठरायला लागली की असं होणारच. म्हणून २०१२ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला काही शास्त्रज्ञ आणि संपादक एकत्र आले आणि त्यांनी जाहीरनामा तयार केला, की माणसाचं काम वाचून ठरवा, मासिकाच्या नावावरून आणि त्याच्या आकड्यावरून नको.

आणि आणखी एक गंमत. एखादा शोध फारच उपयोगी पडला, घराघरात पोचला, की त्याचा उल्लेखच बंद होतो. इतका तो सगळ्यांचा होऊन जातो. आज पटकीच्या विषाविषयी लिहिताना दर वेळी कोण डे यांचं नाव घेतं? आपण पापडाच्या पिठात पापडखार घालतो, तो पहिल्यांदा कुठल्या बाईने घातला, विचारतो का आपण? त्या बाईचं सायटेशन शून्य. काम मात्र दर उन्हाळ्यात गच्चीवर वाळत असतं.

आता आमची चूक.

मागच्या वर्षी पावसाळ्यात आमच्या खालच्या वस्तीत गॅस्ट्रोची साथ आली. आशाताई, अंगणवाडीताई घरोघर फिरत होत्या, टीसीएल पावडर टाकली जात होती, तरी आठ-दहा दिवसांनी पुन्हा कुणीतरी आजारी पडे. आमच्या गटात एक मावशी आहेत. साठीच्या पुढच्या, शाळा दुसरीपर्यंत. त्या घरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब ठेवतात. त्याच कॅलेंडरवर त्यांनी खुणा करायला सुरुवात केली. कुणाच्या घरी जुलाब लागले, त्या तारखेला एक टिंब. पाणी सुटलं, त्या तारखेला एक रेघ. महिनाभराने त्या बैठकीला ते कॅलेंडरच काढून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हे बघा. रेघ आली की दोन दिवसांत टिंब येतंय. आणि टिंबं सगळी व्हॉल्व्हच्या खालच्या घरांत. वरच्या आळीत एकसुद्धा नाही. पाणी तिथंच कुठंतरी नासतंय."

आम्ही ते कॅलेंडर घेऊन ग्रामपंचायतीत गेलो. गटारीजवळची पाइपलाइन उकरली. सांधा फुटलेला निघाला, गटारीचं पाणी आत जात होतं. दुरुस्ती झाली. साथ थांबली.

पुढे वर्षाचा अहवाल लिहायची वेळ आली. अहवाल आम्हीच लिहिला. त्यात लिहिलं, "गटाच्या पाठपुराव्यामुळे पाणीपुरवठ्याची दुरुस्ती झाली." तालुक्याच्या मेळाव्यात आम्ही उभ्या राहून हे सांगितलं, टाळ्या मिळाल्या, प्रमाणपत्र मिळालं, फोटो निघाला. मावशी त्या दिवशी मेळाव्यालाही नव्हत्या, म्हशीची वेळ होती. त्यांचं नाव अहवालात कुठेच नव्हतं. राहून गेलं असं म्हणणं सोपं आहे. खरं सांगायचं तर आम्हाला ते सुचलंच नाही. बी. ए. झालेल्या आम्ही, लेखणी आमच्या हातात, आणि दुसरी शिकलेल्या बाईचं डोकं आम्ही गटाच्या नावावर जमा करून टाकलं.

मावशींनी तक्रार केली नाही. मेळाव्यानंतर एकदाच विचारलं, "माझं कॅलेंडर देता का परत? त्यावर दुधाचा हिशोब राहिलाय." तेव्हाही आम्हाला काही वाटलं नाही, कपाटातून काढून दिलं. त्या मुलीने डे यांची गोष्ट सांगितली, त्या रात्री वाटलं. झोप आली नाही, खोटं कशाला बोला.

पुढच्या बैठकीत आम्ही इतिवृत्तात ठराव लिहिला. पाण्याच्या दोषाचं कारण कुणी शोधलं, कसं शोधलं, तारखांसकट. मावशींचं पूर्ण नाव घातलं. अहवालाची दुरुस्त प्रत ग्रामसंघाला आणि तालुक्याला पाठवली. प्रमाणपत्राची एक प्रत त्यांच्या घरी नेऊन दिली. मावशी म्हणाल्या, "कागद कशाला, वस्तीतली पोरं बरी झाली ना?" पण त्यांच्या नातवाने तो कागद भिंतीला लावला आहे, आणि आलं-गेलं त्याला विचारलं की मावशी काही बोलत नाहीत, चहा टाकायला उठतात.

तेव्हापासून आमच्या गटाचा एक नियम आहे. कल्पना जिची, नाव तिचं. पाककृती असो, नवं गिऱ्हाईक मिळवणं असो, हिशोबातली चूक शोधणं असो. वहीत शेवटी एक रकाना वाढवलाय, "कुणी सुचवलं". एवढंच. तुमच्या गटाच्या वहीतही तो रकाना आखता आला तर बघा. पट्टी आणि पेन लागतं, बाकी काही नाही. आणि ज्या बाईला लिहिता येत नाही तिचं नाव आधी लिहा. लिहिता येणारीचं नाव कसंही येतंच.

शेवटी दोन कामाच्या गोष्टी, कारण पावसाळा लांब नाही. कुणालाही जुलाब सुरू झाले की लगेच ओआरएस. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घ्या, पूर्ण पाकीट एकदम घाला, आणि केलेलं पाणी चोवीस तासांत संपवा, उरलं तर टाकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. मीठ जास्त नको. घोट-घोट पाजत राहा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा पाजा. बाळाचं अंगावरचं दूध बंद करू नका. लहान मुलांना झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या असतात, किती द्यायच्या ते आशाताईंना विचारा, आणि जुलाब थांबले म्हणून मधेच सोडू नका. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी होईना, जुलाबातून रक्त पडलं, तर वाट बघू नका, दवाखाना गाठा.

आणि हे पाणी बाळाला पाजताना एकदा मनात म्हणा, यामागे कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांचा एक ससा आणि एक दोरा आहे, मुंबईच्या दत्ता, पानसे, कुलकर्णींचं काम आहे, बनगावच्या छावणीत रात्रभर वाटी-चमच्याने पाणी पाजणाऱ्या आया-बहिणी आहेत. त्या बायांची नावं कुठल्याच निबंधात नाहीत. आपण निदान आठवण ठेवू.

मावशी हा कार्यक्रम ऐकतात. मावशी, नमस्कार. आणि तुम्हा सगळ्यांना नमस्कार.